किसनची डांगरी

५ ऑक्टोबर १९८६, अंबरनाथ

अंबरनाथच्या कामगारांनो, तुमचा माणूस कारखान्यात भाजून मरतो आणि चौकशीचा कागद सांगतो की चूक त्याचीच होती. किती दिवस ऐकून घेणार?

आज सकाळी विहाराशेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी एवढंच बोललो आणि टाळ्यांनी पत्रा हलला. रोजनिशी लिहायला बसलो तरी समोर सभाच दिसते, त्याला माझा इलाज नाही.

गाव आवडलं. शाळेत मराठी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या मंडळाचं नाटक बसवायचं, म्हणून औरंगाबादहून आलो. पालेगावात खोली मिळाली आहे. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात, त्यापलीकडे एमआयडीसीच्या चिमण्या. मंडळाचा चिटणीस बबन फिटर आहे. माझी ट्रंक उचलताना त्याने विचारलं, सर, ह्यात पुस्तकं आहेत का बॉयलर? नायकाचं काम भगवंतकडे आहे. उंचापुरा, छाती दाराएवढी, आवाज खणखणीत. त्याची बायको अंजना पोटुशी आहे. शिवणयंत्रावर बसून सगळ्यांचे पोशाख तीच करणार. तिने रात्री भाकरी आणि सुकट पाठवली. मी पोटभर जेवलो.

९ ऑक्टोबर

नाटक किसनवर आहे. हा वस्तीतलाच पोरगा, किरकोळ अंगाचा. ॲसिडच्या लाइनीवर व्हॉल्व्ह सांभाळायचा. इथे एक रीत आहे, लेखी नाही पण कायद्यापेक्षा कडक. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन ‘मी आलो, तू सूट’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. गेल्या वर्षी किसनचा रिलीव्हर आलाच नाही. सुपरवायझरने त्याला तसंच उभं ठेवलं. लाइन फुटली आणि किसन भाजून मेला. चौकशीत लिहिलं की किसन जागा सोडून गेला म्हणून अपघात झाला. आईला भरपाई नाही, वर पोराच्या नावावर कलंक.

तो कलंक मी रंगमंचावर धुऊन काढणार. २६ तारखेला प्रयोग आहे. कारखान्याच्या साहेबांना पहिल्या रांगेत बोलावलं आहे. येतील, कारण न आले तर लोक विचारतील का आले नाहीत.

१२ ऑक्टोबर

पोशाखांसाठी बबनला घेऊन उल्हासनगरला गेलो. तीन नंबर कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे कारखान्यांतल्या जुन्या वर्द्यांचे गठ्ठे असतात. मी निळ्या डांगऱ्या चाचपत होतो तर तो म्हणाला, साईं, लेना है तो लो, सूँघते क्या हो, अत्तर नहीं है. बबन हसून हसून खाली बसला.

गठ्ठ्यात एक लहान मापाची डांगरी निघाली. खिशाला लाल दोऱ्याचं रफू होतं. बबनचं हसू गेलं. तो म्हणाला, सर, ही किसनची. त्याच्या आईच्या हातचा दोरा आहे. लॉकर रिकामे करून कंपनीने भंगारात विकली असणार.

बबन ती परत गठ्ठ्यात कोंबत होता. मी काढून घेतली. खरी वस्तू! साहेबांच्या डोळ्यांसमोर हीच उभी करायची.

१६ ऑक्टोबर

किसनची आई सुंदराबाई तालमीला आली होती. डांगरी मागत होती. तिचं म्हणणं, तो अजून तिथेच उभा आहे, त्याला कोणी सोडवलं नाही. जो हे कापड घालेल त्याला तो रिलीव्हर समजेल. मला देऊन टाक, मी जाळते.

मी तिला बसवलं आणि बोललो. बोललो म्हणजे भाषणच दिलं. छप्पनसाली धम्म घेऊन आपण नदी ओलांडली ती भुतं सोबत आणण्यासाठी नाही, असं म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी उठली आणि म्हणाली, गुरुजी, तुला बोलता लई येतं. ऐकायला कधी शिकणार?

डांगरी मी दिली नाही.

अंजनाने भगवंतसाठी ती उसवली, बाजूंना पट्ट्या घातल्या, बाह्या वाढवल्या. आता अंगात बसते. ॲसिडचा वास मात्र धुऊनही जात नाही.

१९ ऑक्टोबर

तालीम अप्रतिम. व्हॉल्व्हचं चाक लाकडाचं आहे, बबनने रंगवलेलं. भगवंत ते धरून उभा राहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलेली वाक्यं त्याने म्हटली नाहीत. दुसरीच म्हटली. सुपरवायझरला हाका, लाइनीच्या आवाजाबद्दल काही, पाण्याच्या नळाला पाणी नसल्याबद्दल काही. मी चिडलो. संहिता माझी आहे. तो म्हणाला, सर, मी तुमचंच बोललो की.

अंजना बाजूला घेऊन सांगत होती की डांगरीच्या बाह्या त्याच्या बोटांवर लोंबतात. तिने पुन्हा कापडाला हात लावलेला नाही. मी म्हटलं, माप चुकलं असेल. ती फणकारली. नवऱ्याचं माप मला चुकेल का, म्हणाली. टेप घेऊन तिने माझ्यासमोर मापं घेतली. कापड आहे तेवढंच आहे.

भगवंत कमी झाला आहे.

२२ ऑक्टोबर

आजारपण आहे. कावीळ असेल. कंपनीचे लोक वस्तीत फिरून अफवा पसरवतात, बायका घाबरतात, बाकी काही नाही. बबन मला म्हणाला, बंद करा सर, तुमच्या नाटकापायी माणूस जाईल. मी त्याला फितूर म्हटलं. सगळ्यांसमोर. लोक माझ्याकडे बघत राहिले, जसं साहेबाकडे बघतात.

२४ ऑक्टोबर

भगवंत कालच्या तालमीनंतर चाकापासून हललेला नाही. चौघांनी ओढलं. पाय जमिनीत पुरल्यासारखे. विचारतो, रिलीव्हर आला का? प्रत्येकाला तेच विचारतो. अंजनालाही. तिला ओळखत नाही.

डॉक्टर आले. हाताचे फोड बघून म्हणाले, हे भाजलं कशाने? लाकडी चाकाला मी बोट लावलं. चटका बसला.

अंजनाने कात्रीने डांगरी कापायला घेतली. कापड कापलं तसा भगवंत ओरडला. कापलेल्या कडेतून रक्त आलं. कापडातून.

तिने कात्री माझ्या पायाशी टाकली. म्हणाली, तुम्ही शिकलेले ना? सोडवा आता.

२५ ऑक्टोबर

सुंदराबाईकडे गेलो. दारातच उभं केलं. जाळा म्हटलं तर म्हणाली, आता आत माणूस आहे. तेव्हा मागत होते तेव्हा रिकामी होती.

भगवंतचा आवाज बसला आहे. किसनचा आवाज आहे असं बबन म्हणतो. मी किसनला कधी ऐकलं नाही, पण ज्याला मी ऐकतो आहे तो भगवंत नाही. किसन जागा सोडून गेला नव्हता. एवढं तर सिद्ध झालं. हेच हवं होतं ना मला?

अंजनाला दिवस भरत आले आहेत.

एकच उपाय आहे. रीत आहे तशी पाळायची.

२६ ऑक्टोबर, सकाळ

झालं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, चाकावर हात ठेवला, म्हटलं, मी आलो, तू सूट. डांगरी त्याच्या अंगावरून आपोआप सैल झाली. मी ती घातली. भगवंत कोसळला, मग अंजनाचं नाव घेतलं. बबनने पाठीवर टाकून नेलं. जगेल.

मला वाटलं होतं, मग काढून फेकीन. वाटलं होतं, मला काही होणार नाही, मी मानतच नाही.

उजवा हात चाकावरून निघत नाही. डाव्याने लिहितो आहे. ट्रंकेतली पुस्तकं आठवून पाहिली. एकाचंही पहिलं पान आठवत नाही. लाइनीचा आवाज मात्र — सबंध लाइन पाठ आहे मला. कुठे गळते ते —

दुपार

बाह्या बरोबर बसतात आता.

लोक जमू लागले. बाहेर आवाज. साहेब आले असतील. तोंडात एकच प्रश्न येतो, दात आवळून धरला आहे. तो विचारला की कोणीतरी हो म्हणेल. ही माणसं तशीच आहेत — एकट्याला उभं ठेवत नाहीत —

अंबरनाथच्या कामगारांनो, हे शेवटचं ऐका. मला सोडवायला कोणी येऊ नका. कितीही हाका मारल्या तरी. हॉलचं दार बाहेरून लावून घ्या. कडी घाला. एवढंच करा. भाषण नाही हे. कडी —

बबन आत आला आहे. चपला काढतोय. मी फितूर म्हटलं होतं त्याला आणि तो — नको बबन, हात मागे — दार लाव, बाहेर जा, दार —

तो म्हणतोय, सर, मी आ