हमीपत्रातली ‘तात्पुरती’ फी

गुरुवार, संध्याकाळ

कॉलेजची फी कशी वाढते ते आज कळलं. नातीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं इंग्रजी हमीपत्र मी वाचलं, तेही मुलाने काल सही करून टाकल्यावर. यंदाची फी म्हणे ‘तात्पुरती’. मागाहून ठरेल तो फरक पालकांनी भरायचा. किती? ते कुठेच नाही.

“आई, सगळेच सही करतात गं,” चाकणच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेला मुलगा म्हणाला.

“मग सगळ्यांच्याच मुली तिसऱ्या वर्षी घरी बसवा!”

तात्पुरती! याचा पगार ठरलेला, माझी पेन्शन ठरलेली, फीच तेवढी तात्पुरती? आणि नाहीच भरता आली तर?

“आजी, एवढं काय लिहिलंय त्यात?” आमचा आवाज ऐकून आतून आलेल्या नातीने विचारलं.

कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा जन्मभर तोरा मिरवणारी मी म्हणाले, “काही नाही गं. नेहमीचंच.”