इथे कुणी थोरलं नाही

सोमवार, ३ तारीख

आज प्रातःकाळी प्रस्तुत लेखकाने एक ट्रंक, एक दांडीमोडकी छत्री आणि पन्नाशीला टेकलेला देह एवढ्या लवाजम्यासह या गृही पदार्पण केले. स्वागतास वाद्ये नव्हती. दारात घराच्या मालकीण शिंपीणबाई उभ्या होत्या, तोंडात टाचण्या धरून. त्यामुळे स्वागतपर भाषण 'या बुवा' एवढ्यावर आटोपले. केवढे हे सुख! ज्या मंडळात अर्धे आयुष्य घालवले, तेथे मंडळाचे प्रमुख, म्हणजे थोरले, यांचे प्रवचन सूर्य कलेपर्यंत चाले, आणि ते छापण्यापूर्वी त्यातील अनुस्वार तपासणे हे माझे जीवितकार्य होते.

या घरातले आम्ही सारेच मंडळ सोडून आलेले. कंपाउंडर तेथे औषधे वाटत. मास्तरीणबाई मुलांकडून थोरल्यांची वचने घोकून घेत. जेवणघराच्या भिंतीवर शिंपीणबाईंनी कापडावर टाके घालून लिहिले आहे: 'इथे कुणी थोरलं नाही.' हा येथील एकमेव कायदा. कुणी कुणाला आज्ञा करायची नाही, क्षमा करायची नाही, आशीर्वाद तर मुळीच द्यायचा नाही. भोजनसमयी मी कंपाउंडरांना आणखी वाढून घ्या म्हणालो, तर ते उत्तरले की शास्त्रीबुवा, हुकूम सोडू नका, रीतसर अर्ज करा. 'शास्त्रीबुवा' ही पदवी मला पहिल्या घासालाच प्राप्त झाली.

माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी माझ्या लेकीची. साळुंकी अजून आत आहे, मंडळाच्या मुदपाकखान्यात. महिनाअखेरीस तिला दात दाखवायला शहरात आणतील. दवाखान्याच्या मागच्या दाराने ती सटकेल आणि येथे येईल. हा पत्ता भाजीवाल्याकरवी तिला पोचला आहे. पुढे तो भाजीवालाच मंडळाने बदलला, तेव्हा दुसरा निरोप आता जाणे नाही. ती येईल ती येथेच. तोवर या घरातून मला हलवण्यास भूकंपच हवा.

गुरुवार, ६ तारीख

दुपार कलली की चहाबरोबर आठवणींचे सत्र भरते. मुक्त जीवांच्या लीला अगाध आहेत. शिंपीणबाई अजून खिडकी उघडण्यापूर्वी रिकाम्या खोलीला विचारतात, 'उघडू का?' मास्तरीणबाई दुकानात दोन रंगांची कापडे पाहून रडू लागल्या, कारण कोणते घ्यायचे ते सांगायला कुणी नव्हते. कंपाउंडर रोज सकाळी आरशासमोर थोरल्यांना एक शिवी हासडतात आणि मग घाबरून दार नीट लागले आहे ना ते पाहतात. मी हसून हसून चहा सांडला. अनेक वर्षांनी हसलो.

रविवार, ९ तारीख

आज सत्रात 'विस्मरणा'चा विषय निघाला. मंडळातली ही सर्वोच्च शिक्षा. ज्याला विस्मरण झाले तो नाहीच, असे सर्वांनी धरून चालायचे. त्याला पाहायचे नाही, ऐकायचे नाही, त्याचे पान मांडायचे नाही. त्याच्या वस्तू ज्याला हव्या त्याने घ्यायच्या. जो त्याला उत्तर देईल तोही विस्मरणात. मग कधीतरी थोरले त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'हा आठवला' म्हणत, आणि तो पुन्हा मनुष्ययोनीत येई.

या थोतांडाचा बाष्कळपणा सिद्ध करण्यासाठी प्रस्तुत विनोदमूर्तीने प्रस्ताव मांडला की एक प्रात्यक्षिक करू. चहा संपेपर्यंत एकाला विसरू. कंपाउंडर म्हणाले, मलाच विसरा, तेवढीच भांडी घासायची टळतील. मग त्यांनी जी धमाल केली! मास्तरीणबाईंच्या कानाशी कोंबडा आरवला, माझ्या कपात मीठ घातले. मी तो खारट चहा गंभीर मुद्रेने प्राशन केला. अभिनयात आम्ही सारे अव्वल ठरलो.

सोमवार, १० तारीख

एक चमत्कारिक गोष्ट नमूद करतो. चहा काल संपला; प्रात्यक्षिक संपले नाही.

कप विसळताना कंपाउंडर म्हणाले, पुरे आता, पोट दुखलं. उत्तर द्यावे म्हणून मी तोंड उघडले, आणि जीभ टाळ्याला चिकटली. मान वळेना. शिंपीणबाईंचीही तीच गत असावी, कारण त्या सुईत दोरा ओवीत होत्या आणि दोरा दर वेळी नेढ्याबाहेरून जात होता. अखेर त्या हळूच म्हणाल्या, पण 'आठवला' म्हणायचं कुणी?

मी म्हणालो, त्यात काय, मी म्हणतो. हातही उचलला. तेव्हा दोघींनी माझ्याकडे असे पाहिले की हात तेथेच राहिला. मास्तरीणबाईंनी विचारले, 'तुम्ही थोरले झालात का, शास्त्रीबुवा?' आणि भिंतीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवले.

हात खाली घेतला. तर्क अभेद्य होता.

बुधवार, १२ तारीख

कंपाउंडर आता कोंबडा होत नाहीत. सकाळी त्यांनी तिघांसमोर हात जोडले. काय चुकलं तेवढं सांगा, म्हणाले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या अंगावरची शाल काढून घेतली, घडी घातली आणि म्हणाल्या, ही कुणाची नाही वाटतं, मला थंडीला होईल. मी म्हणालो, छान ऊबदार आहे.

हे मी म्हणालो. जीभ तेवढ्यापुरती झकास सुटली.

शनिवार, १५ तारीख

कंपाउंडर तापाने फणफणले आहेत. भर दुपारी त्यांच्या खोलीतून पाणी, पाणी ऐकू येते. शिंपीणबाईंनी शिलाई यंत्र जोरात चालवायला घेतले. कापड नव्हते त्यात.

येथून निघून जावे हे मनात आले. पण साळुंकी या दाराशी येईल, दुसऱ्या नाही. मी गेलो तर तिला दारात या दोघी भेटतील. तेव्हा थांबणे प्राप्त.

रविवार, १६ तारीख

दोघी बाजारात गेल्याचे पाहून तांब्या घेऊन गेलो. म्हणालो, 'घ्या हो कंपाउंडर.' त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर लिहिण्यास माझ्या कोशात शब्द नाही. पाणी प्यायले आणि पुटपुटले, बुवा, कशाला बोललात?

मागे दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. पिशवी विसरली म्हणून परतल्या होत्या.

सोमवार, १७ तारीख

आज माझे पान मांडले नव्हते.

विनोद म्हणून टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाई म्हणाल्या, पंखा खडखडतोय, तेल घालायला हवं.

बुधवार, १९ तारीख

कंपाउंडरांशी बोलायला गेलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. विस्मृताने विस्मृताशी बोलू नये, असाही एक पोटनियम होता. तो मीच छापून घेतला होता. त्यांनी पाळला.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. पोलिसांना बोलवा, माणूस मरतोय, एवढेच सांगायचे होते. वाणी गिऱ्हाइकात होता. बराच वेळ उभा राहिलो. मग परत आलो. त्याने ऐकले नाही, की मी बोललोच नाही? आठवत नाही.

शनिवार, २२ तारीख

कंपाउंडरांच्या खोलीतून आवाज नाही.

सोमवार, २४ तारीख

वास. शिंपीणबाई म्हणतात, मोरी तुंबली. मास्तरीणबाईंनी त्या दारापाशी फिनेल ओतले, बादलीभर. मी ओरडलो. आत माणूस आहे! बाई, माणूस! त्या ओल्या जमिनीवरून माझ्याशेजारून गेल्या, पाय घसरू नये म्हणून माझ्याच खांद्याचा आधार घेऊन. भिंतीचा घ्यावा तसा.

गुरुवार, २७ तारीख

ट्रंक गेली. चष्मा शिंपीणबाईंच्या नाकावर. अक्षर मोठे काढतो आहे.

साळुंकी येईल. ती मला पाहील. ती बाबा म्हणेल आणि हे सारे — एका हाकेचा प्रश्न आहे.

रविवार, ३०

आली. तीच. उंच झाली आहे. गाल सुजलेला, श्वास लागलेला. मी दाराशी धावलो, साळू, साळू म्हणत. ती हसली. ओठ हललेही. 'बा—'

तेवढ्यात शिंपीणबाई प्रेमाने म्हणाल्या, ये गं पोरी, कुणाला शोधतेस? ती म्हणाली, माझे बाबा. त्या म्हणाल्या, इथे तर आम्ही दोघीच असतो. नाही का हो, मास्तरीणबाई?

मास्तरीणबाईंनी मान डोलावली. लेकीने त्यांना ओळखले. त्यांच्याच हाताखाली शिकली ती.

एकदा माझ्याकडे पाहिले. दोघींकडे पाहिले. मग तिचा चेहरा — इस्त्री फिरावी तसा. परत जायला तिला जागा नाही. मला कळले. मी कळून घेतले, बाप आहे.

म्हणाली, 'मग मी चुकले असेन. राहू का इथे?'

रविवार, दुपार

तिला माझी खोली दिली. ती चादर बदलते आहे. मी मेजाशी लिहितो. बोलत नाही, तिला त्रास नको — तिच्या डोळ्यांत पाणी आहे पण नजर सरळ — मोठी हुशार पोर

दारातून मास्तरीणबाई विचारतात, मेजावर काही कामाचं आहे का गं. ती म्हणते, बघते हं.

आली. शेजारी. हात ऊबदार आहे. लेखणीवरची माझी बोटे उकलते आहे, एकेक, हळूच, दुखू नये म्हणून — साळू, एकदाच नुसतं बघ मा