एकता बिलियर्ड क्लबचा समग्र इतिहास

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.
मुहूर्त चांगला. एकता बिलियर्ड क्लब, मुलुंड पूर्व, या संस्थेचा इतिहास आजपासून लिहायला घेतला. डिसेंबरात क्लबला पन्नास वर्षं होतात, स्मरणिका निघणार आहे. केयूर (सेक्रेटरी, वय बत्तीस, सदा घाईत) घरी येऊन म्हणाला, काका, तुमच्याशिवाय हे कोण करणार? मीही तेच म्हणालो. त्याने बारा पानं मागितली आहेत. बारा पानांत काय होतंय? तीनशे तरी लागतील. बारा त्याला देऊ, बाकीचं स्वतंत्र पुस्तक.
संकल्प: रोज पाच पानं.
आज मुखपृष्ठ ठरवलं. माझा १९८८ चा, क्यू घेऊन वाकलेला फोटो.

५ ऑक्टोबर, रविवार.
पानं: शून्य. पण पाया घातला. अडाणी वाचकाला आधी खेळ समजावावा लागेल. आमच्या टेबलाला खिसे नाहीत. चेंडू तीन. आपल्या चेंडूने बाकीच्या दोघांना शिवलं की एक पॉइंट. लोक विचारतात, मग चेंडू जातो कुठे? कुठेच जात नाही.
खिसे का नाहीत, तेही यायला हवं. टेबल एका बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसर्स क्लबातून आलं, जाळ्या उंदरांनी खाल्लेल्या. चेंडू खिशातून थेट फरशीवर आणि तिथून गटारात. शेवटी बाळा सुताराने सहाही भोकं लाकडाने बुजवली. पुढे वर्षभराने कळलं की परदेशात असा खेळ खरोखरच असतो. मग नियम मागवले.
हे सगळं शुभाला सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, लिहा की. बायकोला संशोधन आणि लेखन यातला फरक कळत नाही.

८ ऑक्टोबर.
नवीन पेन आणलं. जुनं बोटाला रुतत होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.
काशीरामची मुलाखत. काशीराम म्हणजे क्लबचा सर्वांत जुना खेळाडू, माझा संघातला जोडीदार, मूळचा मालवणकडचा. गुडघे गेले तरी रोज क्लबात येऊन बसतो. त्याला विचारलं, क्लबच्या सुवर्णकाळाची सुरुवात तुझ्या मते कधी? माझा अंदाज होता तो १९८६ म्हणेल. त्या वर्षी मी कॅप्टन झालो. तो म्हणाला, चौऱ्याण्णव. का, विचारलं तर म्हणाला, चाय घेतंस?
वय झालंय त्याचं.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
सणासुदीला लेखन करू नये. तरी मनातल्या मनात प्रकरणांची नावं पाडली. १: पायाभरणी. २: श्यामकांत पर्व (म्हणजे माझं). ३: नंतरचा काळ.

२६ ऑक्टोबर, रविवार.
शिस्तीने तक्ता केला. डावीकडे साल, उजवीकडे पूर्व उपनगर करंडकाचा निकाल. १९७६ ते ८५: करंडक नाही, पण दोनदा फायनल. १९८६ ते ९३: करंडक नाही, फायनलही नाही. १९९४ ते आजपर्यंत: अकरा वेळा विजेते.
तक्ता दिशाभूल करणारा आहे. नुसत्या आकड्यांनी इतिहास होत नाही. ८७ साली घाटकोपरच्या हॉलमधला पंखा थेट टेबलावर होता. ८९ ला मला दाढदुखी. ९१ ला त्यांचं टेबल एका बाजूला कललेलं होतं, मी तेव्हाच बोललो होतो, कोणी ऐकलं नाही. ९२ चं आठवत नाही, पण कारण होतं.

२७ ऑक्टोबर.
सुचलं! ९४ साली मी खेळाडू म्हणून जागा सोडली आणि तांत्रिक सल्लागार झालो. म्हणजे अकरा करंडक माझ्या मार्गदर्शनाखाली आले. सरळ आहे. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही.
माझ्या जागी मुकुल आला. एकोणीस वर्षांचं पोर, मनगट चांगलं. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचो आणि प्रत्येक शॉटआधी सूचना द्यायचो. दोन मॅचनंतर त्यानेच विनंती केली, की काका, वॉटर कूलरपाशी बसा, तिथून संपूर्ण टेबल दिसतं. तेव्हापासून कूलरपाशी. खरंच चांगलं दिसतं.
माझा सत्कार झाला तो दिवस आठवतो. हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, काशीरामचं भाषण. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं प्रेम कुठल्या खेळाडूला मिळालं असेल? शुभा क्लबच्या कार्यकारिणीवर महिला प्रतिनिधी होती, पहिल्या रांगेत बसली होती. तिने शेवटपर्यंत वर पाहिलं नाही. भारावली होती.

२ नोव्हेंबर, रविवार.
केयूरचा फोन. काका, किती झालं? म्हटलं, मांडणी पूर्ण. तो म्हणाला, बारा नाही जमली तर सहाही चालतील, जाहिराती खूप आल्या आहेत. या पिढीला इतिहासाचं काही नाही.
पुराव्यांशिवाय लिहिणार नाही, असं त्याला सांगितलं. सभांच्या वह्या पाहिजेत. त्या क्लबच्या कपाटात आहेत, किल्ली काशीरामकडे. काशीरामला विचारलं तर तो म्हणाला, किल्ली गावली नाय.

९ नोव्हेंबर, रविवार.
काशीराम म्हणतो, वह्यांना वाळवी लागली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
काशीराम गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेला होता. केयूरकडे दुसरी किल्ली निघाली. वाळवी नाही, काही नाही. वह्या झकास आहेत. ९४ ची घरी आणली. उद्यापासून पाच पानं रोज, आता माघार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.
वहीतून जसंच्या तसं उतरवून घेतो.
'कार्यकारिणी सभा, दि. २० मार्च १९९४. ठराव क्र. ४. श्री. श्यामकांत यांस संघातून वगळावे असे सर्वांचे मत पडले. परंतु ते मनास लावून घेतील. सबब त्यांचा शाल व श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करावा आणि तांत्रिक सल्लागार असे पद नव्याने निर्माण करून त्यांस द्यावे. सदर पदास काम नसावे. सूचक: सौ. शुभा, महिला प्रतिनिधी. अनुमोदक: श्री. काशीराम. ठराव एकमताने मंजूर.'

१६ नोव्हेंबर.
काही नाही.

१७ नोव्हेंबर.
दूध आणलं.

१९ नोव्हेंबर.
शुभाने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. खरंच काही होत नाहीये. दुखत नाही, राग नाही. जेवतो, झोपतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
काशीरामकडे गेलो. वही समोर ठेवली. त्याने चष्मा लावून वाचली, जणू पहिल्यांदाच. मग म्हणाला, श्याम्या, तुका ठावक नाय होता? आमका वाटला, तुका कळला असतला आणि तू मोठ्या मनान गप रवलंस. मी म्हणालो, हो, तसंच. तो म्हणाला, तसाच मा? मग चाय घेतंस?
घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी.
शुभा वालपापडी निवडत होती. विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.
ती म्हणाली, तुम्ही हरून आलात की तीन-तीन दिवस बोलायचा नाहीत. इरावती तेव्हा चार वर्षांची. दर रविवारी विचारायची, बाबा आज हरले का? हरले म्हटलं की घरात पावलं न वाजवता चालायची. एकदा तिची पाण्याची बाटली पडली तर ती रडली नाही, घाबरून आधी तुमच्याकडे बघितलं तिने. मला क्लब जिंकतो की हरतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला तुम्ही घरी हवे होतात.
मी म्हणालो, मग मला सांगायचंस.
ती म्हणाली, वाटलं आठवड्याभरात तुम्हाला कळेलच. एकतीस वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं.
मला वाईट वाटलं. क्लबचं नाही. ते न वाजणाऱ्या पावलांचं. मला ती कधी ऐकूच आली नव्हती आणि मी समजत होतो पोरगी शांत स्वभावाची आहे.
थोड्या वेळाने मीही शेंगा घेतल्या. अर्ध्या चुकीच्या निवडल्या, तिने परत निवडल्या.

३० नोव्हेंबर, रविवार.
इरावतीला बंगलोरला फोन केला. तिने पहिलं विचारलं, आईला काही झालंय का? म्हटलं, नाही, सहज. ती म्हणाली, बाबा, मीटिंग आहे. रविवारी मीटिंग असेलही.

६ डिसेंबर, शनिवार.
इतिहास लिहून झाला. एका बैठकीत, सकाळी सव्वानऊ ते दहा. एक पान. टेबल, उंदीर, बाळा सुतार. मग हे: 'सन १९९४ मध्ये सौ. शुभा यांच्या सूचनेवरून संघातून एक खेळाडू वगळण्यात आला. त्यानंतर क्लबने अकरा वेळा करंडक जिंकला. क्लबच्या यशाचे श्रेय त्या एका ठरावास द्यावे लागेल.' दोनदा वाचलं. खोटं काही नाही.
शुभाला दाखवलं नाही.

७ डिसेंबर, रविवार.
पान केयूरला नेऊन दिलं. वाटलं होतं विचारेल, एकच पान? तो म्हणाला, बेस्ट, काका, नेमकी तेवढीच जागा उरलीय. उभ्याउभ्या वाचलं. हसला. म्हणाला, भारी आहे हे, मला माहीतच नव्हतं. मग विचारलं, काका, हा वगळलेला खेळाडू कोण? कंसात नाव टाकू का?
मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.
म्हणालो, नाव आता आठवत नाही.
तो म्हणाला, सोडा ना काका, तसंही कोण ओळखणार त्याला.