भिंतीतलं गुंतवळ

कोल्हार, मंगळवार, ७ मार्च १९७२

सुमन गेल्यापासून तिच्या मनीनं अंग चाटायचंच सोडलंय. पाठीवर केसांच्या गाठी झाल्यात. आज उन्हं उतरल्यावर सुमनचीच फणी घेऊन बसलो. ती मांजरीला विंचरायची तेव्हा मी हसायचो. गाठ ओढली गेली की मनी गुरगुरत होती, पण पळाली नाही. सारखी माझ्या खांद्यामागे बघत होती. मागं कोण असणार? तरी वळून पाहिलंच.

निघालेल्या केसांचं गुंतवळ केलं आणि सुमनसारखंच खिडकीजवळच्या फटीत खोचायला गेलो, तर आत आधीच एक होतं. लांब, काळ्या केसांचं. तिचंच. अजून खोबरेल तेलाचा वास येतोय. होतं तसं परत ठेवलं.

तेवढ्यात केसांच्या बदल्यात भांडी देणारी बाई दारात. बऱ्याच महिन्यांनी आलेली, सुमन वारल्याचं तिला ठाऊकच नाही.

"मास्तर, बाईंनी गुंतवळ साठवलंय का? लई दिस झालं, दिसल्या न्हाईत."

"साठवतेय अजून," मी म्हणालो.

असं कसं बोललो मी? बाई गेली. मनी मात्र तशीच, माझ्या खांद्यामागे बघत.

या वेळी मी वळलो नाही.