स्वरांचा त्रिकोण

३ जानेवारी
आज ह्यांच्या स्वरांचा त्रिकोण काढला! प्रयोगशाळेतली मुलगी आ, ई, ऊ म्हणवून घेते, यंत्र प्रत्येक स्वराचे दोन आकडे देतं, आलेखावर तीन ठिपके पडतात. त्रिकोण जितका मोठा, तितकं बोलणं स्पष्ट — असा तिचा अंदाज. पक्षाघातानंतर ह्यांचा अगदी आक्रसलाय. संस्कृतच्या पाठात कंठ-तालू-ओष्ठ लहानपणीच घोकलेली मी. स्वरांचं क्षेत्रफळ निघतं हे पन्नाशीत कळलं.

ह्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक परवा ह्यांना म्हणाले, "सर, गणिताचा वर्ग तुमचाच आहे. फक्त मुलांना कळलं पाहिजे." गोड माणूस! पण त्या 'फक्त'पाशी आमचं घर अडलंय.

९ जानेवारी
ह्यांचं बोलणं अनोळखी लोकांना ऐकवतात. ऐकलं ते त्यांनी लिहायचं. किती शब्द बरोबर, त्यावर गुण. हौसेने मीही बसले. एकही चूक नाही! मुलगी हसली. "काकू, तुमचे गुण धरता येत नाहीत. तुम्ही सरांच्या बोलण्याला सरावलात." आयुष्यात एकदा पैकीच्या पैकी, तेही बाद.

१० जानेवारी
घरी पाठशाळा उघडली. ह्रस्व, दीर्घ, प्लुत! हे "आऽऽऽ" करतात आणि शेजारीण दार उघडून बघते.

२ फेब्रुवारी
त्रिकोण जवळजवळ दुप्पट! मी फुगले. मग दुसरा कागद आला — अनोळखी लोकांना आधीपेक्षा कमी कळलं.

मुलीने सगळ्या रुग्णांचा आलेख दाखवला. त्रिकोण वाढला की कळणं वाढतं. ठिपके शहाण्यासारखे रेषेच्या आसपास. एकच दूर, खाली. "सर, घरी काही वेगळं करता का?" ह्यांनी मुकाट्याने माझ्याकडे बोट केलं!

माझ्या शिकवणीने हे एकेक स्वर ताणतात, शब्दाचे तुकडे पडतात. एका ऐकणाऱ्याने लिहिलं होतं, 'कोणीतरी मंत्र म्हणतंय.' हे पोट धरून हसले. मग सावकाश म्हणाले, "रेषा... सरासरीची. ठिपका... माझा." मुलगी चिडली नाही. "बरं झालं काकू, स्वर किती लांबतो तेही हिशेबात घ्यायला हवं होतं." एवढ्या मोठ्या मनाची माणसं भेटतात, आणखी काय हवं?

३ फेब्रुवारी
नवा उपचार. ह्यांनी स्वरागणिक नाही, अर्थ पुरा झाला की थांबायचं. मी अर्ध्यावरून ओळखायचं नाही. मुलगी म्हणाली, "सारखं विचारा — काय म्हणालात?" बायकोला न कळण्याचा सराव!

११ फेब्रुवारी
"काय म्हणालात?"
"चहा."
"काय?"
"चहा! बहिरी झालीस का?" — लख्ख! रागावले की उत्तम बोलतात. दिवसभर चिडवतेय त्यांना.

५ मार्च
दहातले आठ शब्द अनोळखी लोकांना कळले! त्रिकोण किंचित लहान झालाय. होऊ दे बापडा. मुलीला मिठीच मारली. कोण कुठची ती माणसं, कानाला यंत्र लावून ह्यांच्यासाठी बसली — त्यांचेही आभार मानले असते, पण नावं सांगत नाहीत. ह्यांचे शाळेचे शर्ट इस्त्रीला टाकले. हे जेवणाआधीच आडवे झाले. दमले असतील.

६ मार्च
ह्यांनी स्वतःच मुख्याध्यापकांना फोन लावला. मी दारात.

"मला परत यायचं नाही. आजारपणाच्या आधीपासूनच... नको होतं. तेव्हा बोलवत नव्हतं."

फोन ठेवून वळले. "ऐकलंस?"

ऐकलं. शब्द न् शब्द.