बुरशी मी धुतली, पोरीला बोल लावू नकोस

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसता कण्हतोस? वहिनीची आठवण काढते म्हणून सांग.

तू लेकीला बजावलं होतंस, महिनाअखेर प्रयोगाचं काही दिसलं नाही तर ते सोडायचं आणि तुझ्या मित्राच्या कचेरीत चिकटायचं. तर दिसणार नाही. मी ते घासून टाकलं. तिच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते मी (तुला माहीत आहे, तूच नाक मुरडलं होतंस). गेल्या आठवड्यात कपाटात झाकणाच्या चाळीस बशा दिसल्या, सगळ्यांवर हिरवी बुरशी. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं आणि ही घाण? गरम पाणी, साबण, बशा लखलखीत करून पालथ्या घातल्या आणि खुशीत घरी गेले. (आईचं वळण, दुसरं काय.) दादा, ती तीन महिने वाढवलेली बुरशी होती. कोणती बुरशी पिकावरची कीड मारते, ते पोरगी बघत होती.

सकाळी ती बशांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, छान निघाल्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई मला तिथल्या तिथे काढू शकल्या असत्या. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पोरीची वही मागितली. सगळं तारीखवार लिहिलेलं. म्हणाल्या, "वही नाही ना धुतली यांनी? मग पुन्हा लाव. मी शिकत होते तेव्हा माझ्या बशा आमच्या साहेबांनी फेकल्या होत्या, ते तर शिकलेले होते." आणि मला म्हणाल्या, भांडी आटपली की रोज हिच्या हाताखाली यायचं. आता बशांवर तारखेच्या चिठ्ठ्या मी लावते. वाकडी लागली की पोरगी ओरडते, मी ऐकून घेते (तुझं कधी घेतलं नाही).

तेव्हा तीन महिने मुदत वाढव. चूक माझी, भोगायची तिने का?

तुझी धाकटी

ता. क. वाढव म्हटलं ते रीतीपुरतं. तुझ्या मित्राला मी सोमवारीच फोन करून सांगितलं, पोरगी येणार नाही. भला माणूस, बरं म्हणाला.

आणखी एक. पोरीला या फोनाचं, या पत्राचं काही ठाऊक नाही. तू ओरडशील म्हणून ती तुझा फोन उचलत नाही. तिला लिही, की मुदत तूच आपणहून दिलीस. खोटं लिहायला हात धजत नसेल तर वहिनीकडून लिहून घे, खाली सही तेवढी तुझी हवी.