कुल्फीच्या घंटेचा बुधवार

प्रिय दादा,

काल लातूरला प्रशिक्षणाला गेले होते. तिथं डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता काही लसी अशा निघाल्यात की बर्फाशिवाय, उन्हातसुद्धा काही दिवस टिकतात. बाकीच्या नर्स लिहून घेत होत्या आणि मला हसू आवरेना. तू असतास तर थेट तुझ्या गाड्यावर आले असते सांगायला. आता पत्रच लिहावं लागतंय.

भूकंपानंतरचे ते दिवस आठवतात ना? दवाखान्याच्या भिंतींना तडे, लाईट गेलेली, फ्रीज बंद. लसींची पेटी घेऊन मी तुझ्याकडे आले, कारण गावात बर्फ फक्त तुझ्याकडे होता. "सांभाळ दादा, गार राहिली पाहिजे," एवढंच म्हणाले.

आणि तू जीव लावून सांभाळलीस. कुल्फीला करायचास तसा बर्फात मीठ कालवून पेटी गच्च भरलीस. सकाळी धनुर्वाताच्या लसीच्या बाटल्या दगड झालेल्या.

"गार तर पायजे होती ना तुला?"

"गोठली की ही लस कामाची ऱ्हात न्हाई दादा. फेकावी लागती."

तू एकेक बाटली उचलून हलवून बघत राहिलास. बाहेर पत्र्याच्या शेडांतल्या बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. कुणाचं घर गेलेलं, कुणाचं माणूस. त्यांना मी परत पाठवलं. लस पुन्हा मिळाली असती रे, पण या बाया पुन्हा येतील का, याचीच मला धास्ती होती.

पुढच्या बुधवारी लस आली, बाया आल्या नाहीत. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात शेडांच्या रांगेत तुझी घंटा वाजली. गाड्यामागं पोरं धावली, पोरांमागं आया. "आधी सुई, मग कुल्फी," तू दरडावत होतास. आणि प्रत्येकीला सांगत होतास, "मागच्या बारीला चूक माझी होती बाई, नर्सबाईची न्हाई." त्या दिवशी एकही लेकरू सुटलं नाही.

मग दर बुधवारी तू हजर. बर्फाच्या पिशव्या कानाशी धरून हलवायचास. जरा वितळून आत पाणी वाजलं, तरच पेटीत ठेवू द्यायचास.

पण पोरं शहाणी निघाली. बुधवार असो नसो, घंटा ऐकली की लपायची. गावातला धंदा बसला आणि तू लातूरला क्लासेसच्या दारात गाडा लावलास. मला म्हणालास, "तिथं गिऱ्हाईक लई हाय." खरं कारण वहिनीनं सांगितलं, तू देवाघरी गेल्यावर. का रे लपवलंस? मी काय परकी होते?

एवढं मात्र तूच सांगितलं होतंस, की क्लासमधून सुटलेला आपल्याच शेडातला एक पोरगा तुझी घंटा ऐकून दंड चोळायला लागला. किती हसलो होतो आपण.

काल प्रशिक्षणात एका नव्या नर्सपोरीनं विचारलं, "मावशी, बर्फच नको म्हणल्यावर काम सोपं झालं की?" झालंच. पेटी आता लांबच्या तांड्यावरही जाईल. लस ऊन सोसेल, पण एकदा रिकामी परत गेलेली बाई पुन्हा कोण आणणार?

म्हणून वहिनीकडून तुझी घंटा मागून आणलीय. ती लस आपल्याकडे येईल त्या बुधवारी बर्फ राहील घरी, घंटा येईल माझ्यासोबत. पोरं लपली तर शोधून काढीन. पण दादा, एकाही बाईला परत पाठवणार नाही.

तुझी नर्सबाई,
कुसुम